श्रावणाची कावड कुठे गेली?

जालन्याहून मंठ्याकडे जाताना जिथे परतूरचा रस्ता फुटतो, ते वाटूर. अशा फाट्यावर खताची गाडी रिकामी होताना कधी नीट पाहा. युरियाची गोणी ४५ किलोंची, सिमेंटची ५० किलोंची. ती जमिनीवरून उचलून कोणी एकटा पाठीवर घेत नाही. एक जण गाडीतून गोणी पाठीवर देतो, दुसरा गुडघ्यात किंचित वाकून पाठ लावतो आणि मग चालू लागतो. किती गोण्यांना किती हमाली, हे आधीच ठरलेले असते. आता याच परिसरातल्या एखाद्या घरात या. अंगावरून वारे गेलेले साठ किलोंचे सासरे जमिनीवरच्या अंथरुणात आहेत. त्यांना उठवून मोरीपर्यंत नेणारी सून पंचेचाळीस किलोंची आहे, एकटी आहे आणि हे काम तिला दिवसातून पाच-सहा वेळा करायचे आहे. तिला याचे पैसे मिळत नाहीत, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. मला विचारायचे आहे ते इतकेच: हमालाच्या पाठीला आपण जी मर्यादा मान्य केली, ती या बाईच्या पाठीला का नाही?

हमालाची मर्यादाही कोणी दयाळूपणे देऊन टाकलेली नाही. शंभर-शंभर किलोंची पोती वाहून माणसे ऐन उमेदीत वाकत होती. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने आणि मुंबईत अण्णासाहेब पाटलांच्या माथाडी चळवळीने वर्षानुवर्षे भांडण मांडले. १९६९ मध्ये माथाडी कायदा आला. पोते पन्नास किलोंचेच असावे, ही मागणी हमालांनी रेटून धरली आणि जड गोण्या उचलायला नकारही दिला. त्याआधी १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या ३४ व्या कलमाने सांगितले होते की इजा होईल इतके वजन कोणत्याही कामगाराला उचलायला लावता येणार नाही. हमालाने 'वजन कमी करा' म्हटले तेव्हा त्याला कामचुकार म्हणणारे होतेच. आज तसे म्हणायला कोणी धजत नाही. एवढी प्रगती आपण केली. फक्त ती घराच्या उंबरठ्यापाशी थांबली.

गोणी आणि माणूस यांत माणूस उचलायला अधिक अवघड, हे आधी समजून घेऊ. गोणी स्थिर असते. लकवा झालेल्या माणसाचे एक अंग ढिले, दुसरे ताठ. तो मध्येच घाबरतो, तुमच्या गळ्याला मिठी मारतो, डोळ्यांपुढे अंधारी आली की सगळा भार तुमच्यावर टाकतो. त्याला धरायला मूठ नाही आणि दुखते म्हणून त्याला कुठेही धरता येत नाही. शिवाय तो जमिनीवर किंवा फूटभर उंचीच्या बाजेवर आहे, म्हणजे उचलणाऱ्याला कंबरेत वाकून, हात पुढे लांबवून उचलावे लागते. वजन शरीरापासून जितके लांब, तितका कंबरेच्या खालच्या मणक्यांवरचा ताण अनेक पटींनी वाढतो. त्यात अंगाला पीळ बसला, म्हणजे बाजेवरून उचलून शेजारच्या खुर्चीकडे वळले, की दोन मणक्यांमधल्या गादीवर सर्वांत वाईट भार येतो. अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेने चांगल्या परिस्थितीत निर्जीव वस्तू उचलण्याची मर्यादा २३ किलो धरली. त्याच संस्थेचे संशोधक थॉमस वॉटर्स यांनी २००७ मध्ये रुग्ण उचलण्यासाठी ती १६ किलोंपर्यंत खाली आणली. साठ किलोंच्या माणसाचा एक पाय साधारण दहा किलोंचा असतो. थोडक्यात, एका माणसाने दुसऱ्या मोठ्या माणसाला हातांनी उचलणे हे कुठल्याही हिशेबाने सुरक्षित नाही. तुमची सून पहिलवान असली तरी नाही.

यावर लगेच उत्तर येते: 'आमच्याकडे तर रोज उचलतात, काही होत नाही.' होते; एका दिवसात होत नाही म्हणून दिसत नाही. अंथरुणाला खिळलेल्याला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कुशीवर वळवा, असे डॉक्टर सांगतात. दिवसाला बारा वेळा, वर्षाला चार हजारांवर. त्यात वर सरकवणे, बसवणे, भांडे देणे, कपडे बदलणे धरलेलेच नाही. असे सहा महिने गेले की एखाद्या सकाळी ती बाई साधी कळशी उचलते आणि जागेवरच बसते. घरचे म्हणतात, कळशी उचलताना लचक भरली. कळशीवर आळ येतो. सहा महिन्यांचे उचलणे हिशेबात येतच नाही.

मग उपचार सुरू होतात. गावात पायाळू कोण, याचा शोध घेतला जातो. जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या माणसाने कंबरेवर लाथ मारली की उसण जाते, ही समजूत शिकल्यासवरलेल्या घरांतही टिकून आहे. तिची परीक्षा सोपी आहे. स्नायूची साधी उसण बहुतेकांना काही दिवस ते काही आठवड्यांत आपोआप उतरते. लाथ मारली तरी आणि न मारली तरी. जिची उतरली ती पायाळूचे नाव घेते. जिची उतरली नाही, किंवा लाथेने सरकलेली गादी आणखी सरकली, तिचे नाव कोणी काढत नाही. आपल्याला सोयीचे तेवढेच पुरावे मोजायचे, हीच अंधश्रद्धेची सारी युक्ती. आणि समजा, दुखणाऱ्या मणक्यावर लाथ मारणे हा खरोखर उपचार असता, तर घरातल्या कर्त्या पुरुषाच्या हृदयाला झटका आल्यावर आपण एखाद्या पायाळूला त्याच्या छातीकडे का पाठवत नाही? तिथे रुग्णवाहिका बोलावतो. कोणाच्या दुखण्यावर विज्ञान खर्च करायचे आणि कोणाचे दुखणे लाथेवर भागवायचे, हे घराघरांत न बोलता ठरलेले असते.

लाथेने भागले नाही तर शहरात नेतात. 'मणक्यात गॅप आहे,' असे ऐकून, गोळ्या आणि कंबरेचा पट्टा घेऊन बाई परत येते. पट्टा बांधून पुन्हा तेच उचलणे सुरू! हा पट्टा दुखापत टाळतो, याला भरवशाचा पुरावा नाही. अमेरिकेतल्या त्याच संस्थेने १९९४ मध्येच हे सांगून ठेवले आहे. पट्ट्याने धीर येतो आणि त्या धीरावर माणूस आणखी वजन उचलतो. पाठ दुखते ती पट्टा नाही म्हणून दुखत नाही, पेलवणार नाही इतके वजन उचलल्याने दुखते. कारण तसेच ठेवून पाठ आवळायची, याला उपचार कसे म्हणावे?

आता मुख्य आक्षेपाकडे येतो, कारण तो तर्काचा नसून संस्काराचा आहे. 'सेवेत कसला हिशेब? आईबापांना उचलताना किलो मोजायचे का?' या प्रश्नामागे श्रावणबाळ उभा असतो. राज्य सरकारने वृद्धांच्या निवृत्तिवेतनालाही त्याचेच नाव दिले आहे. हरकत नाही, श्रावणापासूनच सुरुवात करू. श्रावणाने आंधळ्या आईबापांना काखेत हात घालून ओढले नाही, कडेवर घेतले नाही. त्याने कावड केली. लांब काठी, दोन बाजूंना दोन पारडी, भार सारखा वाटलेला, खांद्यावर, पाठीच्या कण्याच्या सरळ रेषेत. कथेतला हा आदर्श पुत्र साधन वापरतो आणि कोणी म्हणत नाही की त्याची माया कमी पडली. हजारो वर्षे ही कथा सांगणाऱ्यांनी त्यातली भक्ती उचलली आणि कावड तिथेच टाकून दिली. बरे, श्रावण मुलगा होता, सून नव्हे. तोही तपशील आपण सोयीने विसरलो.

सेवेचे याहून जवळचे, खरेखुरे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अमानुष हल्ला झाला. १८ मे २०१५ रोजी त्यांचा मृत्यू झाला, तोवर म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. एवढ्या वर्षांत त्यांच्या अंगाला अंथरुणाची जखम होऊ दिली नाही, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयासमोर आली आणि ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने या परिचारिकांची मनापासून प्रशंसा केली. ती योग्यच होती. पण ही सेवा कशी शक्य झाली, हेही पाहिले पाहिजे. ती पाळ्यांनी झाली. एकीची ड्यूटी संपली की दुसरी आली. एक पिढी निवृत्त झाली, दुसरीने काम हातात घेतले. उंच खाट होती, प्रशिक्षण होते, हाकेला मदत होती. एकाच परिचारिकेला घरी पाठवून 'चाळीस वर्षे तूच कर, एकटी कर' म्हटले असते तर? वाटूरच्या सुनेला आपण नेमके हेच म्हणतो आणि वर केईएमचा दाखला देतो.

हे काम करते कोण, याबद्दल थोडे स्पष्ट बोलू. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रियांनी घरातल्या कोणाची तरी देखभाल केली होती. पुरुष २१ टक्क्यांच्या आसपास. त्यातही जे करतात त्यांचा वेळ पाहिला तर स्त्रियांचा दिवसाला सुमारे १४० मिनिटे, पुरुषांचा ७४. यात मुलांचे करणे मोठ्या प्रमाणात आहे, हे मान्य. पण म्हाताऱ्या माणसाला उचलण्याची वेळ आली की हे प्रमाण सुधारते, असा अनुभव तुमच्यापैकी किती जणांना आहे? ज्याच्या दंडात बळ आहे तो मुलगा ओट्यावर पाहुण्यांना बापाच्या तब्येतीची हकीकत सांगतो आणि आत उचलणारी वेगळीच असते. सुनेने सासऱ्याच्या अंगाला हात लावणे काही घरांत अजून बरे मानत नाहीत. तिथे सत्तर वर्षांची सासू पंचाहत्तरीच्या नवऱ्याला उचलते. परतूर, मंठा भागातून दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि चार-पाच महिने गावात फक्त म्हातारी माणसे आणि पोरे राहतात. त्या दिवसांत एक म्हातारे माणूस दुसऱ्याला उचलते. एक पडले की दोघेही पडतात. मर्यादेच्या नावाने पुरुषाला सवलत आणि कर्तव्याच्या नावाने बाईला सक्ती, असा हा धर्म आहे. ज्या पुरुषाला आईची पाठ धुताना लाज वाटते, त्याला बायकोची पाठ मोडताना वाटत नाही.

'मग काय, घरी यंत्र आणायचे? एवढा पैसा कुठला?' हा आक्षेप रास्त आहे, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. रुग्णाला झोळीत घेऊन उचलणारे यंत्र असते. मोठ्या रुग्णालयांत ते असायलाच हवे. पण घरातले बरेचसे उचलणे यंत्राविनाही टळू शकते, कारण बरेचसे उचलणे मुळात अनावश्यक असते. पहिली गोष्ट अंथरुणाची. जमिनीवरचा रुग्ण आधी खाटेवर आला पाहिजे आणि ती खाट उचलणाऱ्याच्या कंबरेच्या जवळपास उंच हवी. पायांखाली खाच पाडलेले चार लाकडी ठोकळे सुतार करून देतो. उठवून बसवायच्या वेळी मात्र रुग्णाचे पाय जमिनीला टेकायला हवेत, नाहीतर तो घसरतो. म्हणून पायांखाली रुंद, पक्का, न हलणारा पाट ठेवावा. दुसरी गोष्ट सरकवण्याची. निसरड्या पॅराशूट कापडाची दुहेरी घडी रुग्णाच्या पाठीखाली घातली आणि वर एक चादर घेऊन दोन बाजूंनी दोघांनी ती ओढली, तर माणूस उचलावा न लागता सरकतो. काम झाले की कापड काढून घ्यायचे, नाहीतर रुग्णच घसरेल. तिसरी गोष्ट धरण्याची. खाटेला लावतात त्या नवारीचा चार बोटे रुंद पट्टा, त्याला शिंप्याकडून शिवून घेतलेल्या मुठी. तो रुग्णाच्या कंबरेला बांधला की धरायला जागा मिळते. पोटाची ताजी शस्त्रक्रिया असेल तर तो बांधायचा नाही. आणि हाड मोडले असेल किंवा मणक्याला मार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यांतले काहीच करायचे नाही.

काखेत हात घालून ओढणे मात्र आजच बंद करा. घराघरांत हीच रीत आहे आणि हीच सर्वांत वाईट. लकव्याच्या बाजूचा खांदा आधीच ढिला असतो. तो अशा ओढण्याने निखळतो, आणि ओढणाऱ्याची कंबर जाते ती वेगळीच. त्याऐवजी रुग्णाला आधी सांगा की काय करणार आहात. गुडघे वाकवून त्याला कुशीवर वळवा, पाय खाटेबाहेर सोडा आणि चांगल्या हाताने त्याला स्वतःला उठू द्या. बसल्यावर मिनिटभर थांबा, चक्कर येते. खुर्ची त्याच्या चांगल्या अंगाला, खाटेला तिरकी लावा. तुम्ही कंबरेतून पिळू नका, पावले वळवा. आणि तो पडायला लागलाच तर झेलू नका. त्याच्या जवळ राहून त्याला हळूहळू खाली बसू द्या. हे वाचायला क्रूर वाटते. झेलणाऱ्या बहुतेक जणी त्याच्यासकट पडतात आणि मग घरात दोन रुग्ण होतात.

यात एक गोष्ट आपण फारशी बोलत नाही. जो रुग्ण स्वतः थोडेसे उठू शकतो त्याला पोत्यासारखे उचलले की त्याची उरलीसुरली ताकदही जाते. अंथरुणावरचा माणूस हा माणूसच आहे. त्याला विचारून, त्याच्या बळाचा वापर करून हलवले तर त्याची प्रतिष्ठाही राहते आणि तुमची पाठही. मागच्या जन्मीचे भोग म्हणून त्याचे दुखणे आणि या जन्मीचे पुण्य म्हणून तुमचे वाकणे, हा हिशेब दोघांनाही माणूस मानत नाही.

'आमच्या आजीने कुठे शिकून केले?' असेही विचारले जाते. आजी चाळिशीपासून वाकून चालत होती, ते आपण वय समजलो. शिवाय आजीच्या काळी लकवा झालेला माणूस फार दिवस जगत नव्हता. आज उपचारांनी तो दहा-दहा वर्षे जगतो. जगवण्याचे शास्त्र आपण स्वीकारले. सांभाळण्याचेही स्वीकारावे लागेल.

हे शिकवायचे कोणी? ब्रिटनने १९९२ मध्ये हातांनी ओझे हलवण्याचे नियम केले आणि १९९६ मध्ये तिथल्या परिचारिकांच्या संघटनेने, जिवाला धोका असेल तेवढा अपवाद सोडून, रुग्ण हातांनी उचलू नये अशी भूमिका घेतली. त्यामुळे रुग्णसेवा बंद पडली नाही. केरळात कोझिकोडला १९९३ मध्ये वेदनाशामक सेवेची सुरुवात झाली. २००८ मध्ये राज्याने त्याचे धोरण केले. तिथे ग्रामपंचायतीच्या मदतीने परिचारिका अंथरुणावरच्या रुग्णाच्या घरी जातात आणि घरच्यांना शिकवतात. आपल्याकडे रुग्णालयातून घरी सोडताना गोळ्यांच्या वेळा सांगतात. माणूस खाटेवरून खुर्चीत कसा न्यायचा, हे क्वचितच कोणी करून दाखवते. रुग्णालयांतही उचलायला कंत्राटी मावशी, वॉर्डबॉय आणि नातेवाईक. त्यांच्या पाठी तर कोणत्याच नोंदवहीत नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये जालन्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथल्या विद्यार्थ्यांनी आणि परिचारिकांनी गावोगावच्या आरोग्य केंद्रांत महिन्यातून एकदा हे प्रत्यक्ष दाखवावे, ही मागणी अवाजवी नाही. आशाताईंवर आणखी एक काम लादून ती भागवू नये, एवढे मात्र पाहावे.

पैशाचेही तसे अडत नाही. 'मुख्यमंत्री वयोश्री' योजनेत ६५ वर्षांवरच्या, उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या वृद्धांना साधनांसाठी एकदा ३००० रुपये मिळतात. त्या यादीत कमोड खुर्ची आहे, घडीचा वॉकर आहे, चाकाची खुर्ची आहे. कंबरेचा पट्टाही आहे; तो घेऊ नका, कमोड खुर्ची घ्या, म्हणजे मोरीपर्यंतच्या निम्म्या फेऱ्या वाचतील. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने जास्त आधाराची गरज असलेल्या व्यक्तीसाठी देखभाल करणाऱ्याच्या भत्त्याची तरतूद लिहून ठेवली आहे. ती मागणारे पुढे आले पाहिजेत. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. अनेक ठिकाणी तो थोडा थोडा वाटून संपतो. त्याऐवजी गावाने दोन उंच खाटा, दोन कमोड खुर्च्या, रुग्ण सरकवायची चार-सहा कापडे घेऊन ती गरजेप्रमाणे घरोघर फिरवावीत. लग्नाची भांडी गाव सामाईक ठेवते, मग हे का नाही? जालन्याच्या सळईवर अर्ध्या महाराष्ट्राचे स्लॅब उभे आहेत. मोरीच्या भिंतीत धरायला दोन फुटांचा पाइप बसवायला गावच्या वेल्डरला तासभरही लागत नाही.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर यांपैकी जी ग्रामसभा आधी येईल, तिच्यासाठी हा विषय लेखी द्या. आणि ज्या घरात आज कोणी अंथरुणावर आहे, त्या घरच्या पुरुषांनी ग्रामसभेची वाट न पाहता रात्रीच्या दोन पाळ्या आजपासून स्वतःकडे घ्याव्यात.